कतरान

पहाटे मी कांदा चिरायला घेतो तेव्हा ते येतात.
बोटीखाली सहा वाव पाणी,
तळाशी पोवळ्याचं झाड, पंख्यासारखं पसरलेलं,
आणि डॉल्फिन, अजून अर्धे झोपेत,
एकामागे एक.

रांग मोडत नाही कुणी.
कुसैरच्या भट्टीपुढे भाकरीसाठी
मी चाळीस वर्षं उभा राहिलोय,
रांग म्हणजे काय ते मला सांगू नका.
ही रांग वेगळी आहे.
पुढचा फांद्यांत घुसतो, पाठ घासतो,
कूस बदलून पोट घासतो,
आणि वळसा घालून
पुन्हा सगळ्यांच्या मागे.
थोराड एक मादी खडकावरचा चामडी गोळा
तोंडात धरून उपटते, हलवत राहते,
तिच्या गालांवर पिवळे-हिरवे डाग उतरतात.

रेगुलाबाई पाण्यातून वर येते, शिडीवरच बोलू लागते:
घासलं की पोवळ्यातून चीक सुटतो,
चिकात औषध असावं.
असावं म्हणते. आहे म्हणत नाही.
मला तिचं हे आवडतं.
मग माझे तळहात बघते,
मिठानं, साबणानं चिरफाळलेले.
"अवदल्ला, तू काय लावतोस यांना?"
काही नाही, म्हणालो.

आमच्याकडे लावायची वस्तू एकच होती.
कतरान. डांबरासारखं काळं,
कोरड्या नदीच्या पात्रात भट्टी लावून
लाकडातून गाळलेलं, वास असा की माश्यासुद्धा वाट बदलत.
उंटाला खरूज झाली की
आई बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात बुडवायची.
तो आधी वाळूत लोळून घ्यायचा,
त्याचं तेवढं त्याला कळत होतं.
उरलेलं मबरूकाला कळायचं:
जांघेत, मानेच्या वळीत, शेपटीच्या मुळाशी
अशी चोळायची
की त्याचा खालचा ओठ सुखानं लोंबायचा.

तिच्या स्वतःच्या कोपरांवर खवले होते, चांदीचे.
मानेवर, केसांच्या कडेनं.
सकाळी चटई झटकली की पापुद्रे उडायचे
आणि शेजारणी आपापली पोरं आत ओढायच्या.
मी सात वर्षांचा.
भाकरी तिच्याच हातची खायचो,
पण घ्यायचो अशी
की बोटाला बोट लागू नये.
"खाल्लेलं तुझ्या अंगाला लागत नाही," म्हणायची.
तिच्या अंगाला तर कुणीच लागत नव्हतं.

एका रात्री बघितलं,
उंटाच्या डब्यात उरलेलं बोटानं निपटून
ती कोपराला लावत होती, खांद्याला लावत होती.
पाठीपर्यंत हात पोचत नव्हता.
पोचत नव्हता,
आणि मी जागा होतो.

ती गेली त्या दिवशी न्हाऊ घालायला बायका आत गेल्या.
त्याच शेजारणी.
मी दाराबाहेर, उंबऱ्याखालून वाहत आलेल्या पाण्यात
पाय भिजू नयेत म्हणून
जरा बाजूला सरकलो.

आज रांगेच्या बाहेर एक पिल्लू आहे.
पोवळ्याजवळ जात नाही.
आईची पाठ फांद्यांतून निघते तिथे
थांबतं, बघतं,
पुन्हा तिच्या कुशीला चिकटतं.
इतकी लहान घासत नाहीत, बाई सांगते,
नुसती बघत असतात. बघून शिकतात.

किती बघितलं म्हणजे शिकतात?

तिनं वही उलटली, ओली पानं सोडवत.
"वर्षभर. एखादं जास्त."

मला या हिवाळ्यात एकसष्ट पुरी झाली.
तव्यातून धूर येत होता.
कांदा गेला.
दुसरा घेतला चिरायला.